जावेचा वेल्डिंगचा मुखवटा

तुमाला सांगते, थोरल्या जावेवर मी इतकी कधी जळले नव्हते. दुष्काळात ऊस गेला, सहकारी कारखाना बंद पडला, आन त्याच्याच शेडात बायांना वेल्डिंग शिकवायला लागले. आमी दोघीबी सातवी शिकलेल्या. पण माझं लेकरू अंगावर पितं, म्हणून जाऊ गेली आन मी घरी.

एक दिवस सासरे, आमचे मामा, शेड बघायला निघाले. मीबी लेकरू घेऊन मागं. सासऱ्यापुढं डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा न्हाई, ही आमच्या घरची रीत. आन ही तिथं पदर कमरेला खोचून उभी! म्हणलं, बरी सापडली. पण मामांना बघताच तिनं हातातला वेल्डिंगचा मुखवटा चटकन तोंडापुढं धरला.

मामा खूश. मला म्हणतेत, "बघ, ह्याला म्हणतेत मर्यादा. शिक जरा तिच्याकडून!"

लग्नापासून मी पदर सांभाळते, अन् कवतिक हिचं! माझ्या तोंडून निघूनच गेलं, "मंग मलाबी इथंच घाला की मामा. रोज येऊन शिकते."

शिकवणारे सर हसले, "घाला की, जागा हाय."

मामांनी माझ्या कडेवरचं लेकरू आपल्या कडेवर घेतलं.