बदली बाई

चार वर्षांपूर्वी, सकाळी सहा चाळीसला, पोरी — घड्याळ समोरच होतं म्हणून सांगते — सहा चाळीसला हॅलोरनसाहेबांनी तान्हं बाळ माझ्या हातात ठेवलं. फिल्म कंपनीचे एवढे मोठे साहेब, टोपीसुद्धा काढली नाही. म्हणाले, "विल्मा, लाइट लागेपर्यंत सांभाळ." आणि हसले. तू आता माझ्या जागी हिरॉइनची, कोरीनबाईंची, नवी बदली, तुला कळेल तो विनोद — आपलं काम काय? खडूच्या खुणेवर त्यांच्या जागी उभं राहायचं, दिवे नीट लावून होईपर्यंत झोतात भाजून घ्यायचं, नि "मूळ बाई आत!" अशी हाक आली की बाजूला व्हायचं. वळून बघायचं नाही. — कुणाचं म्हणजे? बाईंचंच! अगं हळू बोल. लग्नाआधी मूल झालेलं पेपरात आलं असतं तर करार गेला असता, हिरॉइनपण गेलं असतं. म्हणून माझ्याकडे. चार वर्षं. नेटी नाव. मी काही विशेष केलं नाही — कान दुखला की शेकला, वेण्या घातल्या. आई म्हणायला मी शिकवलं नाही हां, तीच शिकली.

सोमवारी बाई माझ्या घरी आल्या. बरोबर हॅलोरनसाहेब नि फोटोवाले. छापायचं होतं ना — कोरीन ॲशबीनं अनाथ मूल दत्तक घेतलं. अनाथ! मी दारात, नेटी माझा हात धरून. मी ठरवलं होतं, हलायचं नाही. कागद माझ्याकडे एक नाही, पण दार तर माझं? खरंच ठरवलं होतं गं. आणि साहेब मागून ओरडले — "मूळ बाई आत!" थट्टेनं, फोटोवाले हसावेत म्हणून. हसलेही. आणि माझे पाय — सात वर्षांची सवय — झाले बाजूला. वळूनही नाही बघितलं. गाडीचं दार आपटलं तेव्हा कळलं, हात रिकामा आहे.

रडू? नाही आलं. कॉफी केली, प्यायले. माझे बूट राहिले होते इथे सेटवर, ते न्यायला आले आज. तू खा ते सँडविच, मला नको.

ऐक. नेटी सेटवर येईल कधीतरी. तिला सांग, विल्मानं तुला — नको. ते नको सांगूस. बाईंनी तिच्यासाठी ठेवलेल्या आयाला एवढंच सांग, दूध कोमट लागतं तिला. आणि डाव्या कुशीवर निजवू नका, तो कान दुखतो. — जा, बदलीला बोलावतायत. खुणेवर उभी राहा. डावा कान. सांग हं तेवढं.