खुणेचा माणूस

मी, खाली सही करणारी, वय एकेचाळीस, धंदा ड्रोनने शेतांची पाहणी, राहणार बाजारामागच्या गल्लीत सायकल-दुरुस्तीच्या दुकानावरची खोली, पोलीस ठाण्यात समक्ष येऊन सांगते ते असे :

वरील पत्त्यावर मी एकटीच राहते. मागच्या महिन्यापर्यंत माझे पती सोबत होते. धंदा दोघांचा. मी ड्रोन उडवून पिकाचे फोटो घेई आणि पीक जिथे पिवळे दिसे तिथली माती ते तपासायला खणून आणत. शेताच्या कोपऱ्यांवर खुणेच्या पांढऱ्या पाट्या ठेवाव्या लागतात, म्हणजे फोटो एकमेकांना जुळून शेताचा नकाशा होतो. आमची एक पाटी जीपखाली मोडली. नवी आणा म्हणून मी कानीकपाळी ओरडले, तर हे पांढरी टोपी घालून स्वतःच कोपऱ्यात उभे राहू लागले. शेतकरी त्यांना खुंटा म्हणत. ड्रोन वर गेला की ते फोनवर विचारत, "दिसलो का गं?" मी म्हणे, "दिसलात. आता हलू नका." नकाशा गिऱ्हाइकाला देण्याआधी टोपीचा तो ठिपका मी पुसून टाकत असे.

ते गेले त्या सकाळी आम्ही मक्याच्या शेतावर होतो. त्यांनी विचारले, मी नेहमीप्रमाणे हलू नका म्हटले. ठिपका शेवटपर्यंत जागेवर होता. आज स्वारी शहाण्यासारखी उभी आहे, असे वाटून मला हसू आले. ड्रोन उतरवून हाक मारली, ओ आली नाही. जाऊन पाहिले तर ते बांधाला टेकून बसले होते. टोपी डोक्यावरच होती. वरून उभा माणूस आणि बसलेला माणूस सारखाच दिसतो. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडले, नेमके केव्हा ते सांगता येणार नाही.

काल दुपारी मी खाली दूध आणायला गेले. दाराला नुसती कडी घातली होती. कुलूप लावायचे काम त्यांचे होते. परत आले तर दार उघडे आणि ड्रोनची पिशवी गायब. त्या सकाळपासून ड्रोन तिच्यातच पडून होता. बाकी सामान जागच्या जागी आहे. दुकानातल्या सायकलवाल्या दादांनी कोणाला वर जाताना पाहिले नाही. माझा कोणावर संशय नाही.

साहेबांनी विचारले, "बाई, महिनाभर पडून असलेल्या वस्तूसाठी एवढा जीव का टांगणीला लावता?" त्यावर सांगते की, त्या सकाळच्या फोटोंचे कार्ड ड्रोनमध्येच आहे. मी ते अजून पाहिलेले नाही, धीर झाला नाही. सकाळचे ऊन होते. उभ्या माणसाची सावली लांब पडते, बसलेल्याची आखूड. ते केव्हा बसले हे सावलीवरून कळेल. ड्रोन वर जाताच बसले असतील, तर मी एवढा वेळ काय बघत होते, हे मला कळायला हवे.

ड्रोन सापडल्यास कोणीही तो उडवून पाहू नये. नव्या उड्डाणाला जुने फोटो आपोआप पुसले जातात. मी कार्ड रिकामे करायला विसरते म्हणून ती सोय त्यांनीच करून दिली होती.

जबाब मला वाचून दाखवला. सांगितले तसाच उतरला आहे. त्यातले "हलू नका" एवढे काढता येईल का, असे मी विचारले. जबाबात खोडाखोड चालत नाही, असे साहेब म्हणाले. ते बरोबर आहे.