सासऱ्यांना रेंजवर नेऊ नका

माझं ऐका, सासरे दारूगोळ्याच्या फॅक्टरीत इन्स्पेक्शनला राहून रिटायर झाले असतील, तर त्यांना शूटिंग रेंजवर चुकूनही नेऊ नका. मी नेलं.

थंडीतला रविवार, मस्त ऊन, वारा अजिबात नाही. एअर रायफलसाठी मला पूर्ण एक तास मिळालेला. बाबांनी छर्र्यांचा डबा माझ्या हातातून घेतला, चष्मा लावला आणि एकेक छर्रा उन्हात धरून पाहू लागले.

"हा चेपलाय. रिजेक्ट."

"बाबा, खेळायचे छर्रे आहेत, तोफगोळे नाहीत."

"सदतीस वर्षं हेच केलं मी. तुम्ही काहून एवढी घाई करून राहिले?"

रेंजवाले भैया आले, "सर, टाइम निकल रहा है." बाबांनी त्यांच्याही हातात एक छर्रा दिला, "देखो, किनारा दबा हुआ है." झालं, तेही शेजारी बसून पाहायला लागले!

शेवटी पाच मिनिटं उरली, तेव्हा बाबांनी एक, फक्त एक छर्रा पास केला. मी रागारागात घोडा दाबला. बरोबर मधोमध! आयुष्यात पहिल्यांदा.

"पाहिलं?" बाबा म्हणाले. "तपासलेला माल होता."

तेव्हापासून दर रविवारी अख्खी रेंज आपापले डबे घेऊन बाबांसमोर रांगेत असते. परवा मी विचारलं, "बाबा, जावयाचा नंबर कधी?"

मान वर न करता म्हणाले, "तुम्ही घरचेच. थांबा."