मामा आणि चौथा पर्याय

त्या वाक्यात चूक नव्हती, मामा. तेव्हाही सांगितलं होतं, आज माइकवरून सांगतो. नव्हती म्हणजे नव्हती. आता निरोपाच्या दिवशी, चहाचा कप हातात घेऊन, तुम्ही परत तेच काढलंत. "भिंगरी, त्या गेटच्या वाक्यात काहीतरी होतंच रे." काही नव्हतं! किती वेळा तेच तेच बोलायचं माणसानं?

माफ करा. सुरुवात भलतीकडेच गेली. लिहून आणलंय, ते वाचतो.

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमच्या धुलाईखान्याचे मॅनेजरसाहेब. रुग्णालयातून खास वेळ काढून आलेल्या मोठ्या सिस्टर. व्यासपीठावर बसवल्यामुळे मघापासून अंग चोरून बसलेल्या आपल्या कॅन्टीनच्या मावशी. ज्यांच्यासाठी आपण जमलो ते मामा. आणि मशीनं बंद करून, केसांतला कापूसही न झटकता आलेल्या माझ्या भावांनो, बहिणींनो. आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी काही शिकलेला माणूस नाही. सातवीत मी शाळा सोडली की शाळेनं मला सोडलं, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. एका जागी टिकत नाही म्हणून इथे मला सगळे भिंगरी म्हणतात. त्यातून सध्या डबल पाळी चालू आहे, डोळे मिटतायत. तेव्हा माझ्याकडून फार सजवलेलं बोलणं निघणार नाही. साहेबांचं भाषण छान झालं. त्यांनी मामांबद्दल जे म्हटलं त्यातलं एक वाक्य मी इथे कोपऱ्यात टिपून घेतलं: "इतक्या वर्षांत यांच्या नजरेतून एक डाग सुटला नाही." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. आणि वाजवता वाजवता मनात आलं, की अरे, याच गुणापायी तर हा माणूस घरी चाललाय!

साहेब, रागावू नका. नवीन आलेल्यांसाठी जरा मागून सांगतो.

आपल्याकडे धुवून, वाळून, रोलरमधून इस्त्री होऊन आलेली प्रत्येक चादर शेवटी एका टेबलावर येते. टेबलाला वरून काच आणि काचेखाली दिवे. मामा चादर त्या उजेडावर पसरणार, डाग बघणार, उलटी करून परत बघणार. डाग असला तर लाल ट्रॉलीत. नसला तर पांढऱ्या ट्रॉलीत जायला पाहिजे की नाही? नाही! नसला तर मामा तिसऱ्यांदा बघणार. मागे आम्ही इस्त्रीवाले ओरडतोय, "मामा, सोडा हो, चादर आहे, पोरीचं स्थळ नाही!" तरी ते काठावरून बोट फिरवत बसणार.

हे वेड नव्हतं. मोठ्या सिस्टरना आठवत असेल. मामा नवीन होते तेव्हा रुग्णालयाची एक चादर दोन्ही बाजूंनी स्वच्छ दिसली आणि त्यांनी ती सोडून दिली. पण घडी घालताना काठाच्या दुमडीत राहिलेली तुटकी सुई त्यांच्याच बोटात गेली. मग कितीतरी महिने रक्ताच्या तपासण्या, आणि प्रत्येक तपासणीचा कागद हातात येईपर्यंत न झोपता काढलेल्या रात्री. तेव्हा त्यांची लेक पाळण्यात होती आणि घरी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. काही निघालं नाही, सुटले. पण तेव्हापासून 'दिसत नाही म्हणजे नाही' हे मामांना कुणी पटवू शकलेलं नाही.

आता परीक्षेचं सांगतो.

मागच्या वर्षी कंपनी बदलली. नव्या कंपनीनं नियम काढला, की टेबलावरच्या माणसानं रोजचा अहवाल इंग्रजीतून लिहायचा. म्हणून त्यानं इंग्रजी व्याकरणाची ती कॉम्प्युटरवरची परीक्षा पास व्हायची. तीन वेळा बसता येईल. नाही झाला, तर पुढचा करार नाही. साहेबांनी वर दोनदा कळवलं, की या माणसाला यातून वगळा. हे मला माहीत आहे, साहेब, आणि ते सगळ्यांना माहीत असावं म्हणून बोलतोय. वरून उत्तर आलं, नियम सगळ्यांना सारखा.

मामांची लेक औषधं बनवण्याचं शिकते. तिची अजून दोन वर्षं बाकी आहेत. म्हणजे मामांना अजून दोन वर्षं इथे उभं राहायचं होतं, बास. याहून जास्त त्यांनी काही मागितलं नव्हतं.

मग सुरू झाला आमचा अभ्यास. मी का बसलो? मामांना एकट्यानं जायची लाज वाटत होती म्हणून. मला कुठे अहवाल लिहायचे होते! जेवणाच्या सुट्टीत ड्रायरच्या मागे, उबेला, रिकाम्या ट्रॉलीत पाय सोडून बसायचं आणि माझ्या फोनवर वाक्यं काढायची. एक वाक्य येतं, त्यातल्या काही शब्दांखाली रेघ असते. खाली चार पर्याय. पहिले तीन म्हणजे, चूक आहे, ती अशी दुरुस्त करा. चौथा पर्याय म्हणजे, दुरुस्तीची गरज नाही.

मी अक्षरं लावत लावत वाचायचो, कापूस पडला की फोन शर्टाला पुसायचो, आणि मामा चष्मा कपाळावर चढवून ऐकायचे. हळूहळू आम्हाला जमायला लागलं. खरं सांगतो, चूक असलेलं वाक्य मामा माझ्याआधी पकडायचे. कान तयार झाला होता त्यांचा. अडायचं ते चूक नसलेल्या वाक्याशी.

ते गेटचं वाक्य तिथलंच. द मॅनेजर अँड हिज असिस्टंट्स वेअर वेटिंग ॲट द गेट. साधं, सरळ. मी म्हटलं, "चौथा."

मामा म्हणाले, "थांब. मॅनेजर आणि त्याच्या हाताखालचे गेटवर वाट बघत होते?"

"हो."

"मॅनेजर कधी कुणाची गेटवर वाट बघतो का? चूक आहे वाक्यात."

हसा, हसा. साहेबही हसतायत. मी पण त्या दिवशी हसलो. मावशी तिथून चहाची किटली घेऊन चालल्या होत्या, त्या म्हणाल्या, "अहो मामा, ते इंग्रजांचे मॅनेजर असतील, थांबत असतील बापडे!" पण मामा हसले नाहीत. ते परत परत ते वाक्य म्हणत राहिले, काठावरून बोट फिरवल्यासारखं. आणि शेवटी दुसऱ्या पर्यायावर बोट ठेवलं.

दर वेळी असंच. दहा वाक्यांत दोन-तीन तरी स्वच्छ असतात. मामांना एकही स्वच्छ दिसायचं नाही. "एवढे शहाणे लोक परीक्षा काढतात, ते काय उगाच वाक्याखाली रेघ मारतील?" असं त्यांचं म्हणणं. मी चिडायचो. एकदा तर फोन ट्रॉलीत फेकला. म्हटलं, "मामा, तुम्हाला पास व्हायचंय की भांडायचंय?" ते म्हणाले, "फोन उचल. पुढचं वाच."

त्यांची लेकही तिकडून फोनवर समजवायची. "बाबा, काही सापडलं नाही तर चौथ्यावर बोट ठेवा ना हो."

"डोळे झाकून?"

"डोळे झाकून नाही हो. बघून झाल्यावर."

"माझं बघून होतच नाही गं," असं म्हणाले होते ते. ती हसली. मला वाटतं, ते गमतीनं बोलले नव्हते.

पहिल्यांदा थोडक्यात राहिले. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या वेळी मी आणि ते एकाच दिवशी बसलो. जाताना बसमध्ये मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं, की जिथे दोनदा बघून काही मिळणार नाही तिथे चौथा दाबायचा आणि पुढे जायचं. चादर पांढऱ्या ट्रॉलीत टाकायची. "टाकीन," म्हणाले.

माझी खुर्ची त्यांच्या मागे होती. फळ्या लावून कप्पे केले होते, पण त्यांचं डोकं दिसत होतं. आणि थोड्या वेळानं ते डोकं तिरकं झालं. आम्ही सगळ्यांनी हे किती वेळा बघितलंय! उजेडावर चादर धरली की मामा मान अशी वाकडी करतात. ते पडद्याकडे तसे बघत होते. मला उठून ओरडावंसं वाटलं. पण तिथे साधं खोकलं तरी परीक्षेवर लक्ष ठेवणारी बाई येऊन उभी राहायची.

बाहेर बसथांब्यावर बसलो. मी विचारलं, "किती ठिकाणी चौथा दाबला?"

"चार-पाच."

"मग झालं की! वाचलात!"

मामा चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "शेवटी वेळ उरला होता रे. मागे जाऊन बदलले."

"सगळे?"

"सगळे."

बस आली, आम्ही सोडली. दुसरी आली. मग तेच म्हणाले, "सुई निघाली असती तर?"

मी म्हटलं, "मामा, ते वाक्य आहे हो. वाक्यात कुठली आलीय सुई?"

"ते मला कळतं. हाताला कळत नाही."

मी पास झालो. मी! आधी कुणाला खरं वाटलं नाही. इस्त्रीवाल्या दादांनी तो कागद दोनदा उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "हा तुझाच कशावरून?" आणि टेबल मला मिळालं. गेला महिनाभर मी तिथे उभा आहे. दिवसभर त्या उजेडात बघून संध्याकाळी रस्त्यावरची माणसंसुद्धा पांढरी दिसतात, एवढं दमायला होतं. हा माणूस इतकी वर्षं कसा उभा राहिला, देव जाणे. मी चादर दोनदा बघतो आणि सोडतो. करार संपेपर्यंत मामा महिनाभर माझ्या बाजूला घडीच्या कामावर होते. त्यांनी मी सोडलेली एकही चादर पुन्हा उलगडली नाही. हात शिवशिवत होते त्यांचे, मला दिसत होतं. पण नाही उलगडली. एवढा मान मला माझ्या बापानंसुद्धा दिलेला नाही. अर्थात बापाला मी तशी संधीही दिली नाही म्हणा.

मामा, तुम्हाला माहीत आहे, मी इथून तीन वेळा बॅग भरली होती. दर वेळी तुम्ही म्हणायचा, "जा की. फक्त ही ट्रॉली रिकामी करून जा." आणि ट्रॉली रिकामी होईपर्यंत दुसरी यायची. आता चौथ्यांदा भरली होती. आपला ट्रकवाला मित्र येत्या पंधरवड्यात बंदराच्या गावी चाललाय, तिथे त्याच्या ओळखीनं काम ठरलं होतं. मोकळी हवा, आणि कुठेही चादरी नाहीत! ही टेबलाची कटकट त्यानंतर कुणीही घेतली असती.

त्याला मी काल नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "भिंगरी, डोकं फिरलं का तुझं? दोन वर्षं एका खोलीत उभा राहणार तू?" म्हटलं, हो, दोन वर्षं. माझाच मला विश्वास बसत नाहीये, म्हणून चार लोकांसमोर बोलून टाकतो.

कशासाठी, ते मामांना सोडून इथे बऱ्याच जणांना माहीत आहे. टेबलाच्या कामाला इस्त्रीपेक्षा जास्त पगार आहे. तो वरचा भाग माझा नाही. मला त्याची सवय लागायच्या आत तो जिथला आहे तिथे गेला पाहिजे. मामांच्या लेकीशी माझं फोनवर बोलणं झालं. आधी ती नाहीच म्हणाली, बापावर गेलीय. तीन दिवस भांडली. मग म्हणाली, "दादा, बाबांना तुम्ही सांगू नका, ते चिडतील. मी बघून सांगते." मी म्हटलं, "तू नको. मी भाषणात सांगतो. गळ्यात हार घातलेल्या माणसाला भांडता येत नाही."

बघा, मान हलवायला लागले! मावशी, त्यांना जरा धरा. मामा, खाली बसा. अध्यक्षांच्या परवानगीशिवाय सत्कारमूर्तींना उठता येत नाही. साहेब, देऊ नका परवानगी.

सिस्टर, आपण वेळ काढून आलात, आभारी आहे. साहेब, तुम्ही माझं हे सगळं ऐकून घेतलंत, त्याबद्दल वेगळे आभार. मावशींनी चहा दिला, दादांनी माइक लावला, आणि तुम्ही सगळे पाळीनंतर घरी जायचं सोडून थांबलात. दमलेल्या माणसानं थांबणं काय असतं हे मला कळतं. बोलता बोलता कुणाला लागलं असेल, कुणाला मान द्यायचा राहिला असेल, तर लहान समजून पोटात घाला.

मामा, लेकीचा खाते नंबर मी घेऊन ठेवलाय. येत्या एक तारखेपासून, तिची दोन वर्षं संपेपर्यंत, दर महिन्याला नऊ हजार चारशे.