वैऱ्याच्या गावचं चाक

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि एक सांगा — आपली विद्या वैऱ्याला द्यावी का? नाही ना? बघा, कशा पटापट माना हलल्या! आता ऐका.

हिवरगडचा भिवाजी सुतार पाणचक्की करायचा. नदीचं पाणी चाकावर पडलं, की वर जातं फिरणार, दहा बायकांचं दळण तासात! आणि नदीच्या वरच्या अंगाला तळेगड — पिढीजात वैरी! तिथल्या बायका पहाटेपासून जात्याशी. त्यांनी निरोप धाडला, "एक चाक विकत द्या."

हिवरगडचा राजा गरजला, "चाक वेशीबाहेर गेलं, तर सुताराचे हात तोडीन!" आज याला निर्यातबंदी म्हणतात. शब्द मोठा, अक्कल तेव्हाचीच!

तळेगडकर म्हणाले, "चाक नाही, मग नदी वाहती कशाला ठेवायची?" घातला बांध, लावला ऊस! खाली हिवरगडची सगळी चाकं ठप्प. भिवाजीची बायको सुंदरा म्हणाली, "अहो, जन्मभर घडवलेलं आता चुलीत घालायचं का?" भिवाजीचे डोळे भरले. नदीत नव्हतं, तेवढं पाणी तिथं होतं!

राजा फौज काढायला निघाला. भिवाजी आडवा आला. बोलला — "महाराज, बांध फोडाल, ते पुन्हा घालतील. त्यापेक्षा मला चाक नेऊ द्या."

"वैऱ्याला? हात जड झाले का रे?"

"तुंबल्या पाण्यावर चाक फिरत नाही, महाराज! त्यांना पीठ हवं, तर पाणी सोडावंच लागेल. ते खाली आपल्याकडेच येणार! नाही आलं, तर हे हात तुमचे."

गेलं चाक! बांधाखाली बसलं. आता सुतारांची रीत अशी, की पाच मुठी ज्वारी दळून दाखवल्याशिवाय चाक सुपूर्द करायचं नाही. भिवाजी म्हणाला, "घटकाभर बांध उघडा." उघडला. पांढरंशुभ्र पीठ भुरुभुरु पडलं! घटका संपली, पुरुष बांध बुजवायला धावले — आणि बायका पदर खोचून आडव्या! "हात लावून बघा! उद्यापासून भाकरी नाही!"

काय बिशाद हो कुणाची? तिसऱ्या दिवशी हिवरगडचं चाक कुरकुरलं, हललं, फिरलं! भिवाजीनं आपले दोन्ही हात पाण्यात बुडवले आणि तो ढसाढसा रडला.

आता तुमचं बोलू. या गावात एकाकडे सोलरचा पंप, शेजाऱ्याकडे विहीर. पंपवाला पंप देत नाही, विहीरवाला पाणी देत नाही, दोघांचा हरभरा वाळतोय. आणि दोघंही इथं पहिल्याच रांगेत बसून मघापासून माना डोलावतायत! नावं घेऊ का? नको? मग आरती थांबलीय बरं का. उठा, आधी एकमेकांशी बोला!