चुकलं म्हणायचं नाही

नाही, तुम्हीच सांगा, सत्तावीस वर्षं एकच काम केल्यावर माणसाची जीभ सरळ राहील का? सरकारी हॉस्पिटलच्या दाव्यांच्या खात्यात कारकून मी, बाळंतपणात काही बिघडलं, लोक कोर्टात गेले, की कागद माझ्या टेबलावर. पहिल्याच दिवशी मोठ्या साहेबांनी बजावलेलं, "हे बघा, वाट्टेल ते लिहा, पण चुकलं म्हणायचं नाही. चुकलं म्हटलं की सरकारच्या खिशाला भोक." नाही म्हटलं हो. तरी भोक पडलंच... गेल्या वर्षी भरपाईत जेवढे पैसे गेले तेवढ्यात दुप्पट नर्स ठेवता आल्या असत्या, आणि नर्स असत्या तर दावेच... जाऊ दे, कारकुनाचं ऐकतंय कोण.

तर एक बाई नऊ वर्षं खेटे घालत होती. बाळाचे ठोके मंदावले तेव्हा तिच्यापाशी कुणी नव्हतं, सहा बायकांमागे एक नर्स, ती तरी कुठेकुठे पुरणार? पोरगी नऊ वर्षांची झाली, अजून मान धरत नाही. बाई दर वेळी एवढंच विचारायची, "दादा, त्या दिवशी नेमकं काय झालं?" आणि मी आपला, "विषय विचाराधीन आहे." चुकलं म्हणायचं नाही ना! परवा पैसे मंजूर झाले. सही करताना म्हणते, "पैसा लागणारच होता दादा, पोरीला आयुष्य काढायचंय. पण पहिल्याच दिवशी कुणी आमचं चुकलं म्हणालं असतं, तर मी नऊ वर्षं भांडले नसते." साहेबांनी घड्याळ बघितलं.

मला मात्र ते लागलं. कारण घरी... हसू नका हं. हिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, मी आणायला जाणार होतो, फायलींच्या नादात विसरलो. डोळ्याला पट्टी बांधून तीन तास बाकावर बसून होती बिचारी. शेवटी एकटी घरी आली, तर मी काय विचारावं? "बाहेर नेमकी किती वाजता आलीस? लेखी काही आहे?" गेली लेकीकडे. चार महिने झाले, घर खायला उठतं.

म्हणून काल फोन लावला. आधी आरशासमोर तालीम केली, चुकलं माझं, चुकलं माझं, अगदी पाठ. तिने उचलला, नुसती थांबून राहिली, त्या बाईसारखी. आणि माझ्या तोंडून काय यावं... "आपलं म्हणणं नोंदवून घेतलं आहे."

"बरं," ती म्हणाली, "आवक क्रमांक तेवढा कळवा." आणि ठेवला.

खरं सांगतो, मी पेन शोधत होतो.