केल्व्हिनमध्ये उबवलेली अंडी

...आणि मला काय वाटलं होतं, तुम्हाला सांगते, मी एवढ्या लांबून विज्ञान शिकून आले म्हटल्यावर आत्याच्या उबवणी केंद्रात सगळे वह्या उघडून बसले असतील! बघते तर काय, मशीनवाल्या मावशी डोळे मिटून, गरम अंडं पापणीला टेकवून उभ्या! "साडेसदतीस. चालेल." अहो, पापणीवर काय अंश कोरलेत?

म्हटलं, मावशी, आजपासून केल्व्हिन! सेल्सिअसमध्ये दोनशे त्र्याहत्तर पूर्णांक पंधरा मिळवायचे. नुसते मिळवायचे! केल्व्हिनमध्ये उणे नाही, शून्याच्या खाली काही नाही, केवढं स्वच्छ मोजमाप!

"बाई गं, आमच्या अंड्यांना उणे कधी लागलंय?"

आत्या म्हणाली, "करू दे तिला. बाराशे अंडीच तर आहेत. पिल्लं निघाली म्हणजे झालं." अंडीच तर, म्हणे!

दोन दिवस खपून एकवीस दिवसांचा तक्ता केला. साडेसदतीसचे झाले तीनशे दहा पूर्णांक पासष्ट. कसं भारदस्त वाटतं! मशीनचा काटा बिचारा सेल्सिअसमध्येच, पण म्हणून काय झालं? तिथे वजा करायचे. मिळवायचे नाहीतर वजा करायचे, आहे काय त्यात!

अठराव्या दिवशी मी शाळेत हाच तक्ता घेऊन व्याख्यान देत होते. अगदी रंगात आले होते हो... आणि विज्ञानाचे सर हळूच म्हणाले, "ताई, अठराव्या दिवशी ऊब अर्ध्या अंशाने उतरवायची ना? मग इथे 'दोनशे त्र्याहत्तर पूर्णांक पासष्टने उतरवा' कसं? फरक तर दोन्हीकडे सारखाच. अर्धा अंश म्हणजे अर्धाच केल्व्हिन."

अगं बाई! मी फरकातही मिळवले होते! नुसते मिळवायचे, नुसते मिळवायचे करत सगळीकडे मिळवत सुटले होते! तीनशे दहातून एवढे गेले तर उरतात सदतीस केल्व्हिन... म्हणजे उणे दोनशे छत्तीस! अंडीच नव्हे हो, हवासुद्धा गोठेल!

धावत सुटले. "मावशी, काय केलंत?"

"तुझ्या कागदाबरहुकूम वजाबाकी केली. सदतीस आले. काटा सदतीसवर लावला."

"अहो, ते सदतीस केल्व्हिन होते!"

"असतील. काट्याला कुठे ठाऊक? आणि दरवेळी अठराव्या दिवशी मी सदतीसच लावते. म्हटलं, शिकलीय हो पोरगी! अगदी बरोबर उत्तर काढलंय!"

आल्यापासून पहिली शाबासकी... आणि तीही चुकीला!

आणि एकविसाव्या दिवशी? अहो, नुसता चिवचिवाट! टोपल्याच्या टोपल्या पिवळ्याधमक! मावशी हसतायत, मी रडतेय, एक पिल्लू माझ्या बाहीत शिरलंय... आणि आनंदाच्या भरात आत्याने तक्ता काचेच्या चौकटीत घालून दारावर ठोकला. चार खिळे!

दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवलं, खरं सांगायचंच. सांगितलं. आत्या म्हणाली, "चूक तर चूक. खिळे निघत नाहीत आता."

मग ठरवलं, काचेवरच बाहेरून ओल्या खडूने दुरुस्ती लिहायची. मावशी रोज सकाळी काच पुसतात.

मी रोज लिहीन.